डाव्या हेडलाइटची तक्रार

मित्रांनो, मी चौदा वर्षं जुना, डाव्या बाजूचा हेडलाइट आहे आणि या घरातल्या कुणाशीही माझं धड पटत नाही. उजव्याशी तर नाहीच. गाडी उभी असते तेव्हा तो भिंतीच्या सावलीत असतो आणि मी उन्हात. म्हणून मी पिवळा पडलो, तो नाही.

कारखान्यात साच्यातून निघालो तेव्हा मी आरपार होतो. गाडी बेंगळुरूला आली, तेव्हा माझे मालक, चिकपेटेतले कापडवाले सुब्बाराव शेजाऱ्यांना माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "काय उजेड आहे बघा." माझ्या वाट्याला कौतुक आलं ते तेवढंच. पुढं वर्षभर कुणी ढुंकून बघायचं नाही. दसऱ्याच्या आयुधपूजेला मात्र बोनेट उघडून बादलीभर पाणी ओतायचे आणि हळदकुंकवाचा ओला लेप सुब्बाराव स्वतः एकेका नटाला बोटानं लावायचे. तो पुसायचा नाही. देवाचं लावलेलं कुणी पुसतं का?

यंदापासून त्यांची मुलगी रूपश्री गाडी नेऊ लागली. इलेक्ट्रॉनिक सिटीतलं तिचं ऑफिस सातला सुटतं. अंधारात, भर उड्डाणपुलावर मी लुकलुकू लागलो. विझायचो, पेटायचो. शिव्या त्या पोरीनं खाल्ल्या.

शनिवारी सुब्बारावांनी किल्ली खिशात घातली. "स्पीडब्रेकरच्या हंपांवर गाडी आपटतेस तू. सोमवारपासून बसनं जा. ते दिवेही काढून फेकतो."

"बसनं दोन तास जायला, दोन तास यायला. नोकरी सोडू का, अप्पा?"

"सोड. धर म्हणून मी सांगितलं होतं?"

आई सरस्वतीबाई डोसा उलटत आतून म्हणाल्या, "दोघंही स्वल्प गप्प बसा. काय बिघडलंय ते आधी बघा तरी."

"मी बघते," रूपश्री म्हणाली. "उद्या दुपारपर्यंत दिवा नीट लागला नाही, तर किल्ली तुमची."

"सरी, ठरलं," म्हणत सुब्बाराव हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

रविवारी तिनं गाडी भिंतीसमोर उभी करून दिवे लावले. उजवा स्थिर, मी थरथरता. "दोन्ही लुकलुकले असते तर आधी बॅटरी बघितली असती," ती पुटपुटली. "एकच आहे, म्हणजे दुखणं इथंच." गाडी बंद करून तिनं बल्ब निवू दिले. मग रुमालात धरून माझा बल्ब उजव्याला दिला, त्याचा मला. बल्बच्या काचेला बोटाचं तेल लागलं की तो लवकर उडतो, हे तिला ठाऊक होतं. उजवा माझ्या बल्बवर ऐटीत जळला. मी त्याच्या चांगल्या बल्बवरही लुकलुकलो. असा अपमान कुणाचा होऊ नये.

"झालं समाधान?" खुर्चीतून सुब्बाराव म्हणाले. "भंगार आहे ते."

"तिथं बसून बोलण्यापेक्षा गाडीत बसा आणि सांगेन तेव्हा दिवे लावा."

ते कुरकुरत उठले. तिनं जुन्या इस्त्रीच्या वायरीचा तुकडा घेतला. एक टोक माझ्या प्लगमधल्या काळ्या तारेला लावलं, दुसरं बॅटरीच्या मायनसला. मी लख्ख पेटलो आणि हललो नाही.

"दिवा चांगला आहे," ती म्हणाली. "अर्थिंग गेलंय."

काळ्या तारेचा माग काढत ती खाली वाकली. तार जिथं गाडीच्या पत्र्याला नटानं आवळलेली असते, तिथं वाळल्या पिठासारखा टणक गोळा होता. पान्यानं ठोकल्यावर त्याची खपली सुटली. लाल, पिवळा, लाल, पिवळा असे थर, आणि खाली सगळा गंज.

तिनं ती खपली बापाच्या तळहातावर ठेवली. "हे हंपांनी केलं?"

सुब्बारावांनी खपली उलटून पाहिली. मग म्हणाले, "तू गाडी शिकायला लागलीस त्या वर्षी दोनदा लावलं होतं मी. तुला काही होऊ नये म्हणून."

"त्यानंच झालं असतं," रूपश्री म्हणाली. तिचा आवाज जराही मऊ झाला नाही.

बॅटरीची तार सोडवून तिनं नट आणि पत्रा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला, नट आवळला, वर व्हॅसलिन फासलं. तार पुन्हा जोडल्यावर मी अर्धा तास डोळासुद्धा मिटला नाही. सुब्बारावांनी किल्ली बोनेटवर ठेवली, तिच्या हातात नाही, आणि ते आंघोळीला गेले. सोमवारी ती गाडी घेऊन गेली. अजून दोघं आईमार्फतच बोलतात.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं काही काम करणारं असेल, तर त्याला हात जोडा, माझी ना नाही. पण त्याच हातांनी कधी त्याचा गंजही खरवडा. सुब्बारावांवरचा माझा राग गेलेला नाही. दर वर्षी ते एका हातानं कंबर धरून वाकायचे, अगदी खालच्या नटापर्यंत बोट पोचवायचे. सुब्बाराव, एवढं वाकलाच होतात, तर तो नट ठीक आहे का, तेही बघायचं होतं.