टाकीतला उसासा

घरामागच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. शेजारी आले होते, शेजाऱ्यांचे पाहुणे आले होते, आणि निम्म्यांनी तर गेलेल्या माळीबुवांना जन्मात पाहिलं नव्हतं. सगळ्यांच्या माना टेबलाकडे. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर माळीबुवांचं पानं उडवायचं यंत्र, पाठीवर घ्यायचं, पेट्रोलवर चालणारं. मागे कडक इस्त्रीच्या कपड्यांतला श्वासगुरू, गेलेल्या माणसाचा श्वास त्याच्या वस्तूतून ऐकवतो म्हणणारा.

"माळीबुवा तीन मिनिटं बोलतील," गुरू म्हणाला. "मग त्यांना धाप लागेल. शेवटी लागायची, तशीच!"

त्याने दोरी ओढली. यंत्र गरजलं, वाळकी पानं लोकांच्या डोक्यांवरून उडाली. तीन मिनिटांत आवाज खोल गेला आणि आचके देत थांबला. गुरूने डोळे मिटून, ओठ हलवत टाकीचं झाकण फिरवलं. सूंऽऽऽ! लांब, थकलेला उसासा. झाकण लावून पुन्हा दोरी ओढली, तर यंत्र सुरू.

"ऐकलंत? श्वास घेतला त्यांनी!"

लोकांनी हात जोडले. माळीबुवांची लेक मात्र यंत्राकडे नाही, आईकडे बघत होती. आईचे पाय सुजले होते. रक्तदाबाच्या गोळ्या तिने अकरा दिवसांपूर्वी बंद केल्या होत्या, कारण गुरूने सांगितलं होतं, "गोळी तुम्ही गिळता आणि गुदमरतात ते."

"आई, पाया पडते, गोळी घे," लेक रात्रंदिवस विनवायची.

"हे आत तडफडतायत आणि मी गोळ्या खाऊ?"

"अगं, डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टरांनी ह्यांना वाचवलं का?"

यंत्रं भाड्याने देणाऱ्या दुकानात लेक इंजिनं दुरुस्त करायची. हात तेलात बुडलेले, डोकं ठिकाणावर. पण खरं सांगायचं तर, पहिल्यांदा तो उसासा ऐकला तेव्हा तिलाही ते वडीलच वाटले होते. म्हणून तिने यंत्राला हातच लावला नव्हता. आज मात्र आईचे पाय बघून तिने मन घट्ट केलं आणि गर्दी पांगल्यावर झाकण उजेडात धरलं. झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. ते पांढऱ्या कशाने तरी बुजलं होतं.

पुढच्या बैठकीला ती दुकानातून कोरं करकरीत यंत्र पाठीवर घेऊन आली.

"यात कोण मेलंय?" तिने भर अंगणात विचारलं.

लोक हसले. गुरू हसला नाही.

तिने झाकणाच्या भोकावर मेणाचा थेंब टाकला आणि दोरी ओढली. थोड्याच वेळात नवं यंत्रही आचके देत थांबलं. झाकण फिरवलं. सूंऽऽऽ! तोच उसासा.

"पेट्रोल जळतं तसं टाकीत तेवढी हवा आत यावी लागते," ती म्हणाली. "भोक बुजलं की हवा येत नाही, पेट्रोल ओढलं जात नाही, इंजिन थांबतं. झाकण उघडलं की बाहेरची हवा आत घुसते. तोच हा आवाज."

मग केसांतली पिन काढून तिने वडिलांच्या यंत्राचं भोक मोकळं केलं. ते वीस मिनिटं न थांबता चाललं.

"अविश्वासी माणसासमोर आत्मा मुक्कामाला राहत नाही," असं काहीतरी पुटपुटत गुरू फाटकाकडे सटकला. पाठोपाठ गर्दीही पांगली, कारण गंमत संपली होती.

आई तशीच बसून होती. म्हणाली, "मेण मीच लावलं गं. ह्यांच्या कपड्यांना कायम पेट्रोलचा वास असायचा. त्या भोकातून तो वास उडून जाईल असं वाटलं."

लेक तिच्याजवळ जाऊन बसली.

"मग तो उसासा?" आईने विचारलं.

"हवा होती, आई."

"नुसती हवा?"

"हो. नुसती हवा."

हंगाम संपला की माळीबुवा टाकी उपसून ठेवायचे. शिळं पेट्रोल चिकट होऊन आतल्या बारीक नळ्या बंद पाडतं. यंदा हंगाम संपायच्या आत ते गेले, आणि ते काम राहिलं. दोघींनी मिळून टाकी रिकामी केली. नळीत उरलेलं जळून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवलं. मग हवा गाळणारी जाळी झाडली, यंत्र पुसून कोरड्या खोलीत टांगलं. आईने हाताचा वास घेतला, मग साबणाने हात धुतले आणि गोळी घेतली.

"मी रोज बोलत होते गं त्यांच्याशी," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली. माणूस गेल्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. लेक तिला धरून बसून राहिली.

दुःखात माणसाला काहीही खरं वाटतं, त्यात त्याची चूक नसते. चूक त्या दुःखावर दुकान मांडणाऱ्याची, आणि प्रश्न न विचारता हात जोडणाऱ्या आपल्या सगळ्यांची. अशा वेळी शेजाऱ्याने हात जोडू नयेत, काय चाललंय ते नीट बघावं आणि विचारावं. आणि कुणी काहीही सांगो, चालू औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नये. आईची सूज उतरायला महिना लागला. रडणं अजून थांबलेलं नाही.