कानामागचा वण

जमनाबाईंच्या घरी पहाट उगवे ती देवाच्या नावानं. पहाटेचं स्नान, तुळशीला पाणी, गायीचा घास. एवढं झाल्याखेरीज त्यांच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नसे. म्हसावदच्या बायका त्यांच्या नेमधर्माचं कौतुक करत. पण ज्या वर्षी मानमोडीचा ताप गावागावात शिरला, त्या वर्षी जमनाबाईंचं जपात लक्ष लागेना. हातात माळ फिरे आणि डोळ्यांपुढे येई ते सुनेचं तोंड.

सून मंगला धुळ्याला राहून सुईणपण शिकून आलेली. मुलगा मगन सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. ताप सुरू झाला तसं मगनला खांडबाऱ्याला धाडलं, कारण तिथे आगगाडीतून आजारी माणसं उतरत होती. म्हसावदची शाळा बंद करून तिथेच खाटा मांडल्या, आणि बायकांची नि लेकरांची शुश्रूषा मंगलाकडे आली. शहाद्याचे डॉक्टर घोड्यावरून येत, औषध लिहून देत आणि पुढच्या गावाला जात. त्यांनी एक गोष्ट मात्र बजावून सांगितली होती. जाळीदार कापडाच्या चार घड्या करून नाकातोंडावर घट्ट बांधायच्या, आणि आजाऱ्यांत असेपर्यंत ती पट्टी खाली करायची नाही. हा ताप खोकल्यातून, श्वासातून पसरतो.

मंगलानं ते अक्षरशः पाळलं. सकाळी बांधलेली पट्टी ती दिवे लागायच्या वेळी सोडी. तोरणमाळकडून झोळीत घालून माणसं खाली आणली जात, त्यांना घोटघोट पेज पाजायची, अंग पुसायचं, कण्हणाऱ्याची कूस बदलायची. पट्टी सोडावी लागेल म्हणून ती स्वतः पाणीसुद्धा पीत नसे. दुपारपर्यंत कापड श्वासानं ओलं होई, डोकं ठणके, धाप लागे. नाकाच्या दांड्यावरची साल गेली. ओठांभोवती लाल पुरळ उठलं, गालांवर पट्टीच्या कडेचे वळ पडले आणि कानांमागे नाड्यांनी चीर पाडली.

हे सगळं घेऊन ती संध्याकाळी घरी येई, आणि बायाबापड्या बघत. विहिरीवर दगूबाईनं जमनाबाईंना सगळ्यांसमोर विचारलं, "तुन्ही सूनले महारोग लागना का वो?" कुणी म्हणालं, देवी आल्यात. कुणी आपली घागर उचलून दूर नेऊन ठेवली. जमनाबाईंचा पारा चढला, पण तो दगूबाईवर निघाला नाही.

त्या संध्याकाळी मंगला अंगणात हातपाय धूत होती, तेवढ्यात सासूनं दारातूनच विचारलं, "तुन्हं तोंड दखं का आरशीमा? गाव ऱ्हाऊ दे, देवले तरी हाई तोंड कसं दखाडशी?"

मंगलानं हळूच सांगितलं, "आत्याबाई, हाई रोग नही. पट्टी घासस, म्हनीसन साल गयी."

"मंग नको बांधू ती पट्टी. कोन सांगस तुले?"

बोलून त्या आत गेल्या. सुनेनं देवघरात आणि चुलीपाशी यायचं नाही, असंही त्यांनी ठरवून टाकलं. पडवीत तिचं ताट वेगळं पडू लागलं. मंगला उलट बोलली नाही. दिवसभर परक्यांच्या उशापायथ्याशी राबून आलेली पोर पडवीत एकटी भाकर मोडी, आणि घरातली उदबत्ती तिच्यापर्यंत नुसती वासानं पोहोचे. जमनाबाईंना वाटे, आपण घराचं पावित्र्य राखतो आहोत. किती सहज वाटतं आपल्याला असं!

गावात शांतीलाल शेठ यांच्या माडीवर त्या वर्षी जैन साध्वी चातुर्मासाला उतरल्या होत्या. त्यांतल्या थोरल्या महासती केसरकुंवर. तोंडावर पांढरी मुखपट्टी, दोरा कानांवरून गेलेला, आणि डोळ्यांत अशी शांती की बघणाऱ्याचा राग निवावा. जमनाबाई आपला धर्म सांभाळून त्यांच्या दर्शनाला अधूनमधून जात. साधू कुठलाही असो, पाया पडावं, असं त्यांचं साधं मत. घरातला सल सांगावा म्हणून त्या एका दुपारी माडी चढल्या, वाकून नमस्कार केला आणि सुनेचं गाऱ्हाणं मांडलं. तोंड विद्रूप झालं, लोक नावं ठेवतात, देवाधर्माच्या घरात हे कसं चालायचं, असं सगळं.

महासतींनी पुरतं ऐकून घेतलं. त्या मारवाडी वळणाचं, पण गोड मराठी बोलत. त्यांच्याबरोबरच्या धाकट्या साध्वीला याच तापानं गाठलं होतं, आणि पुरुषाचा हात चालत नाही म्हणून तिच्या उशाशी मंगलाच येऊन बसत होती, हे त्यांनी सांगितलं. जमनाबाईंना याचा पत्ताच नव्हता. मग महासतींनी कानावरचा दोरा बोटानं किंचित वर उचलला. खाली काळपट, खोल रेघ होती.

"हा वण पाहा, बाई. दीक्षा घेतल्यापासूनचा आहे. आता तुम्ही हात जोडलेत ते मला नव्हे, या पट्टीला जोडलेत. होय ना?"

जमनाबाई म्हणाल्या, होय.

"माझ्या श्वासानं हवेतला बारीकसा जीव मरू नये म्हणून मी ही बांधते. तुमची सून बांधते ती माणूस मरू नये म्हणून. माझा वण पुजायचा आणि तिच्या वणाची किळस करायची, हा कुठला न्याय?"

सुनेच्या पट्टीचं कापड खरखरीत आहे म्हणून तिला फार सोसावं लागतं, हेही महासतींनी सांगितलं. आमच्यात पट्टीला खूप धुतलेलं मऊ सुती कापड घेतात, ओलं झालं की बदलतात, रोज स्वच्छ धुतात. आम्हाला सांगायला गुरू असतात. तिला कोण आहे? हे सारं त्या हळू आवाजात बोलत होत्या. मग म्हणाल्या, "काल ती आली तेव्हा पट्टी नाकाच्या खाली होती. धाकटी तिच्या तोंडावर खोकत होती. मी विचारलं, तर म्हणाली, घरी तोंड दाखवायचं आहे."

जमनाबाईंना आपलंच बोलणं आठवलं. पट्टी नको बांधू, असं कोण म्हणालं होतं? त्यांनीच. नेमानं देवाचं नाव घेणाऱ्या जिभेनं त्यांनी आपल्याच सुनेला तापाच्या तोंडी दिलं होतं!

निरोप घ्यायचंही भान त्यांना राहिलं नाही. त्या आधी घरी गेल्या आणि पेटी उघडली. मऊ सुती म्हणून हाताला लागलं ते त्यांचं पूजेचं लुगडं, रोजच्या धुण्यानं लोण्यासारखं झालेलं. क्षणभर हात थांबला. मग त्यांनी ते टरकन फाडलं, रुंद नाड्यांच्या पट्ट्या केल्या, तांब्यात ताक, वाटीत लोणी घेतलं आणि भर उन्हात शाळेची वाट धरली.

शाळेच्या लांब खोलीत खोकल्याचा नुसता कल्लोळ होता. तोरणमाळच्या फुलवंताबाईला मंगला मांडीचा आधार देऊन पेज पाजत होती. पट्टी नाकाखाली घसरलेली, आणि फुलवंताबाईला उबळीवर उबळ येत होती. पेज सुनेच्या पदरावर सांडली, तरी तिनं मान बाजूला केली नाही. पाठीवरून हात फिरवत राहिली. मंगलाची भाषा त्या डोंगरातल्या बाईला कळत नव्हती, पण तिनं सुनेचा दंड असा धरला होता, जसा बुडता माणूस फांदी धरतो. जमनाबाई दारात उभ्या राहून बघत राहिल्या. देवळात जे बघायला आपण जातो, ते इथे खाटेवर बसलं आहे, असं त्यांना वाटलं.

त्यांनी आपल्या नाकातोंडावर पट्टी बांधली आणि आत गेल्या. सासूला बघून मंगला दचकली, उठायला लागली.

"बठ," जमनाबाई म्हणाल्या. "नाकवर ले ती पट्टी पहिले."

पेज पाजून होताच त्या सुनेला हाताला धरून अंगणात लिंबाखाली घेऊन गेल्या. हात धुवायला लावले, खरखरीत पट्टी सोडली, कानांमागच्या चिरा पाण्यानं धुऊन लोणी लावलं. मंगलानं ताकाचा तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जमनाबाईंनी मऊ पट्टी नाकावर नीट बसवून स्वतः गाठ मारली आणि म्हणाल्या, "मन्हं चुकनं, अंडेर. मी तुले नको ते बोलनू. आते जरा आडी हो. तवलोंग मी बठस मझार."

सुनेला लेक म्हणून त्यांनी झाडाखाली आडवं व्हायला लावलं; मंगला नको नको म्हणत होती, तरी त्या आत गेल्याच. उन्हं उतरेपर्यंत त्यांनी खाटांमधून पाणी फिरवलं. घडीभरात श्वास कोंडला, कानांच्या पाळ्या चुरचुरू लागल्या, घामानं ओठांभोवती खाज सुटली. पट्टी एकदा तरी खाली ओढावी असं हाताला राहून राहून वाटे. सुनेनं हे असं रोज, दिवसभर, कुणाला न सांगता सोसलं होतं, आणि वर घरी येऊन बोलणी खाल्ली होती!

देवाची कृपा म्हणायची, मंगलाला ताप आला नाही. डॉक्टर आले तेव्हा मंगलानंच त्यांना पट्टीचा जाच सांगितला, आणि पाळ्या ठरल्या: काही वेळ आत राहायचं, मग झाडाखाली येऊन पट्टी सोडायची, तोंड धुवायचं, पाणी प्यायचं, कोरडी पट्टी बांधून पुन्हा आत जायचं. पाळीला माणसं हवीत म्हणून जमनाबाई घरोघर हिंडल्या. सुनेच्या तोंडाला कसले वळ आहेत ते त्यांनी प्रत्येक उंबऱ्यावर न लाजता सांगितलं, आणि आपण काय बोललो होतो तेही सांगितलं. काही घरांतून जुनी मऊ लुगडी आली. काही घरांतून नुसते बघे आले, पण तेही पुढे कामाला लागले. पडवीतलं वेगळं ताट तर त्याच रात्री आत आलं होतं.

बायांनो आणि बंधूंनो, रोग आले की सेवा करणारी माणसं पुढे होतात आणि आपण दाराआडून त्यांच्याकडे बघतो. त्यांच्या अंगावर जे वळ उठतात, ते आपल्यावरचं संकट त्यांनी अंगावर घेतल्याचे असतात. त्यांची किळस करणं हे पाप आहे, आणि नुसतं लांबून हात जोडणंही पुरेसं नाही. त्यांना मऊ कापड द्या, सावली द्या, बदलीला माणूस द्या. आणि संध्याकाळी ती घरी आली की दुसरं काही विचारायच्या आधी एवढंच विचारा, "पोरी, आज पाणी प्यालीस का?"