बिष्णुपूरची जोडी

सुतपाने दातांनी सुती हातमोजे ओढून काढले आणि दोन्ही हात खिडकीतल्या उजेडात उलटसुलट करून पाहिले. रात्रभर ग्लिसरीन आणि गुलाबपाण्यात मुरलेले हात. नखं एका मापात घासलेली. अंगठ्याजवळचा परवाचा ओरखडाही बुजला होता. तिने चाळिशी ओलांडली होती, पण हातांना अजून कोणी ते सांगितलं नव्हतं, आणि गेली सतरा वर्षं हे घर त्या हातांवरच चाललं होतं.

कलकत्त्यातल्या सोनारांच्या जाहिरातीत नवरीचे हात दिसले की ते बहुधा तिचेच असत. चेहरा दुसरीचा, हात हिचे. श्यामबाजारच्या चौकात सध्या ते जाहिरातीच्या फलकावर दोन मजले उंच लागले होते. खालून ती छत्री धरून जायची आणि कोणी मान वळवून पाहत नसे.

आई स्वयंपाकघरात विळीवर बसून, राखेत माखलेले टेंगरा मासे साफ करत होती. टेंगऱ्याचा काटा बोटात गेला की हात दोन दिवस ठणकतो, म्हणून सुतपा विळीला शिवत नसे. बाबा गेल्यापासून आईने मासा तोंडात घातला नव्हता. कापायची मात्र रोज, लेकीसाठी.

"मिनती बौदी येत नाहीये," सुतपा फोन ठेवून दारात आली. "तिची सासू पडली म्हणे न्हाणीघरात. पहाटेच बारासातला गेली."

आईचा हात थांबला. "मग आता?"

तोच तर प्रश्न होता. शंखाच्या बांगड्या, बंगाली नवरीचं सौभाग्यलेणं, काचेच्या बांगड्यांसारख्या सरकत नाहीत. हात दाबून, चेपून त्या चढवाव्या लागतात. हात लाल होतो आणि ती लाली उतरायला चांगले दोन तास जातात. म्हणून शूटिंगच्या दिवशी वरच्या मजल्यावरची ही शेजारीण वहिनी, मिनती बौदी, सकाळीच येऊन घालून द्यायची. आज अकराला स्टुडिओत पोहोचायचं होतं आणि घड्याळात आठ वाजून गेले होते.

"एजन्सीचे तापसदा काय म्हणाले, सांगितलं ना तुला? ती नवी मुलगीपण येणार आहे. तेवीस वर्षांची. दोघींचे हात कॅमेऱ्यासमोर ठेवणार आणि चांगले दिसतील तिला अख्खा लग्नाचा हंगाम देणार. माझे लाल दिसले तर संपलंच सगळं." ती जरा थांबली. "तू घाल ना, मा."

"वेड लागलंय का तुला, बुलू? माझा हात लागायचा शंखाला? नवरा गेलेल्या बाईचा?"

"फोटोसाठी आहेत गं."

"शंखाला काय कळतं, फोटो आहे की मांडव."

सतरा वर्षं हेच चाललं होतं. परवा बांगड्यांचं पाकीट आलं तेव्हाही आईने ते पदरात धरून आत आणलं होतं, मेलेली पाल उचलावी तसं. आपला हात लागला तर बुलूच्या लग्नात विघ्न येईल, ही तिची पक्की समजूत. "कुठलं लग्न, मा?" सुतपा वैतागून विचारायची. "होईल गं," म्हणून आई विषय गुंडाळायची. त्या दोन शब्दांचा सुतपाला मनस्वी कंटाळा आला होता. आईने एकदाची आशा सोडावी, म्हणजे आपण सुटू, असं तिला कितीदा वाटलं होतं.

योग आलाच नव्हता असं नाही. दमदमची मंडळी तर पसंतीपर्यंत आली होती. मुलाच्या आईने शेवटचा रसगुल्ला संपवत सहज विचारलं, मुलीला मासा कापता येतो ना? आईला खोटं बोलता येत नाही. सगळे उठले. तो मुलगा, निर्माल्य, दारात चपला घालता घालता हळूच म्हणाला, "मासा मी कापीन." ते त्याच्या आईला ऐकू गेलं नाही, आणि ऐकू जाईल असं तो पुन्हा म्हणालाही नाही. त्या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. श्यामबाजारच्या चौकात सुतपा कधीकधी उगाच रेंगाळते. तो कधी या रस्त्याने जात असेल तर वर बघत असेल का, एवढंच तिला वाटतं.

तिने हातांना साबण लावला आणि स्वतःच बांगडी घालायला बसली. अंगठा तळव्यात दुमडला, बांगडी गुडघ्यावर टेकवून ढकलली. ती बोटांच्या पेरांवर येऊन अडली. आणखी जोर केला तशी हातातून कळ निघाली.

"सोलून काढशील हात," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

सुतपाने पुन्हा जोर लावला. तिचे डोळे भरून आले होते आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

विळी आडवी केल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नळ वाहत राहिला. आईने आधी राखेने हात घासले, मग साबणाने, मग लिंबाने. पदराला पुसत ती बाहेर आली आणि समोर मांडी घालून बसली.

"आण इकडे."

सुतपाला वाटलं, आता ती देवाचं नाव घेईल, निदान डोळे तरी मिटेल. आईने तसलं काही केलं नाही. तिने लेकीचा हात मांडीवर ओढला आणि पीठ मळावं तसा तो हळूहळू चेपू लागली.

"अंगठा आत घे. खांदा सैल सोड. अजून सैल. कुस्ती खेळायचीय का तुला?"

बांगडी कधी आत गेली ते कळलंसुद्धा नाही. मग दुसऱ्या हातात. मग लाल पोला, पोवळ्याची बांगडी. दोन्ही मनगटं भरली. आईने ती उजेडात धरून न्याहाळली.

"जरा गुलाबी झालेत, बस. अर्ध्या तासात उतरेल. बौदीपेक्षा मी बरी."

"मग इतकी वर्षं का गं नाही..." सुतपा हसत म्हणाली आणि मध्येच गप्प झाली.

इतकी वर्षं आई भीत होती, कारण तिला लग्न होईल असं वाटत होतं. आज ती भ्यायली नव्हती.

आई उठली होती. तिने पदराच्या किल्लीने पलंगाखालची पेटी उघडली आणि तळातून वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं काढलं. आत शंखाची जोडी होती, बारीक वेलबुट्टी कोरलेली. बाबांनी जायच्या आधीच्या वर्षी लेकीच्या लग्नासाठी बिष्णुपूरहून आणलेली. सुतपाने ती एकदाच पाहिली होती, तीही लांबून. आईने दोन्ही बांगड्या उघड्या हाताने उचलून तिच्यापुढे ठेवल्या.

"याही घेऊन जा. त्यांच्या त्या साध्या जोडीपेक्षा फोटोत छान दिसतील. तुझ्याच मापाच्या आहेत. पडूनच तर आहेत."

सुतपा बांगड्यांकडे बघत राहिली. सुटले, असं वाटायला हवं होतं. त्याऐवजी घरातलं कोणी न सांगता उठून गेलं, असं तिला वाटलं. आई म्हणायची ते "होईल गं" आज सकाळपासून एकदाही ऐकू आलं नव्हतं, आणि ते ऐकायला ती आत्ता काहीही द्यायला तयार होती.

"नको, मा. राहू देत त्या."

"कशाला?" आईने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

सुतपाने भरलेली मनगटं मांडीवर घट्ट धरली.

"त्या मला बौदी घालून देईल," ती म्हणाली. "तू नको हात लावूस."

आई तिच्याकडे बघतच राहिली. मग खाली वाकली. वर्तमानपत्राची कड धरून तिने बांगड्या कागदावर घरंगळवल्या, बोट लागू न देता. देव्हाऱ्यातल्या तांब्यातलं गंगाजळ आणून दोन थेंब वर शिंपडले. पुडकं बांधलं, पदरात धरून पेटीत ठेवलं आणि कुलूप लावलं.

"आधी नाही का सांगायचंस," ती पुटपुटली. "उगाच लावला ना मी हात."