काचेत सुधारलेल्या पेशी

मी एक जुने विजेचे यंत्र आहे, मित्रांनो. अमळनेरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत, खिडकीखालच्या कपाटात, मला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवले आहे. माझे काम ऐकायला सोपे आहे. पेशीभोवती पातळ आवरण असते. मी क्षणभर विजेचा झटका दिला की त्याला बारीक छिद्रे पडतात, त्यांतून बाहेरचे जनुक आत शिरते आणि छिद्रे पुन्हा मिटतात. मिटली नाहीत, तर पेशी मरते.

मला कामाला लावले ते सोनलने. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावरची ही मुलगी. तिच्या मोठ्या भावाला, भुराला, सिकलसेल होता. या आजारात प्राणवायू कमी पडला की रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि माणूस हाडाहाडांतल्या दुखण्याने तळमळतो. रक्त तयार करणाऱ्या पेशींत चांगले जनुक पोहोचवले तर हे थांबू शकते. ते पोहोचवायचे कसे, हेच सोनलला तपासायचे होते.

भुराने स्वतःचे रक्त दिले. त्यातून वेगळ्या काढलेल्या पेशींवर तिने तीन रीती ताडून पाहिल्या. पहिली, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पोटात जनुक घालून पाठवण्याची. विषाणू बरोबर आत शिरे, पण जनुक नेऊन कुठे चिकटवील याचा भरवसा नसे. दुसरी, चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांची. ते पेशींना फारशी इजा करत नसत, पण या पेशींत नीट शिरतही नसत. तिसरी रीत माझी. जनुक आत जाई, पण निम्म्या पेशी मरत.

प्रयोगशाळेचे प्रमुख लीलाधर सरांनी मला बाजूला ठेवायला सांगितले. सोनलने ऐकले नाही. आठ महिने ती माझा झटका थोडाथोडा कमी करत राहिली. अखेर बहुतेक पेशी वाचल्या. तीन आठवडे वाढवून त्यांच्यापासून तांबड्या पेशी तयार केल्या, त्यांचा प्राणवायू तोडला, तरी त्या गोलच राहिल्या. सरांनी माझ्यावर थाप मारली. मित्रांनो, मी त्या दिवशी फार फुशारले होते.

सोनलने माझ्याशेजारी उभे राहूनच घरी फोन लावला.

"दादा, तुन्या पेशी सुधरन्यात," ती म्हणाली.

"मंग मी बरा हुई जासू ना?" भुराने पलीकडून विचारले.

"हुई जाशी, दादा."

पेशी काचेच्या बशीत सुधारल्या होत्या, भुराच्या अंगात नव्हे. माणसाला असा उपचार देण्याआधी वर्षानुवर्षे तपासण्या बाकी होत्या. सोनलला हे ठाऊक होते. पण आनंदाच्या भरात ती ते बोलली नाही.

आता आपण बरे होणारच, असे धरून भुराने दवाखान्यातून मिळणारी, आजार आवरून ठेवणारी रोजची गोळी बंद केली. बरे वाटत होते, म्हणून घरी कोणाला सांगितलेही नाही. हिवाळ्यात तो रावेरकडे केळीचे घड वाहायला गेला. कडाक्याची थंडी, खांद्यावर ओझे, पोटात पाणी कमी. चौथ्या दिवशी वाकलेल्या पेशींनी वाहिन्या अडवल्या, अंग धरले, मग छातीत दुखू लागले. जळगावला नेताना गाडीतच तो गेला.

महिन्याभराने भुरा आणि सोनलची आई सोनीबाई प्रयोगशाळेत आली. तिने टेबलावर गोळ्यांची पाकिटे ठेवली. एकही फोडलेले नव्हते.

"मना भुरानं काही शे का आठे?" भुराचे इथे काही उरले आहे का, असे सोनीबाईने विचारले.

"त्यान्या पेशी शेतस, माय. गोठवेल शेतस. जित्या शेतस."

"तो मरी गया, नि त्या जित्या?"

सोनीबाईने पाकिटे पुन्हा पिशवीत भरली आणि ती बस स्टँडकडे निघून गेली.

पुढे अहवाल छापून आला. त्यात माझे कौतुक आहे, भुराचे नाव नाही. त्याच्या जागी 'नमुना चार' एवढेच आहे. सोनलने त्यानंतर मला हात लावला नाही. नव्या मुलांसाठी नवे यंत्र आले आणि मी कपाटात गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांचे कौतुक करा, त्याला माझी हरकत नाही. पण आजारी माणसाला चांगली बातमी सांगाल, तेव्हा अजून किती वाट उरली आहे तेही सांगा. त्याची गोळी चालू आहे का, ते विचारा. सोनलने विचारले नाही. आणि मी तिथेच होते, पण मला बोलता येत नव्हते.