नऊ नंबरचा उतार

गांधीलमाश्या उतरल्या तशी पेच्चियम्माने पाठीवरची टोपली भिरकावली, कमरेचं गोणपाट सोडून तोंडावर ओढलं आणि ती चहाच्या झुडपाखाली शिरली. नऊ नंबरच्या उतारावर वरच्या झाडाला पोळं आहे, हे तिने मुकादम सवरीमुत्तूला सोमवारीच सांगितलं होतं. रविवारी धूर करू, तोवर पाला थांबतो का, असं म्हणून त्याने तिला उडवून लावलं होतं.

कोकिळा चार ओळी वर होती. नात्याने सून, पण त्याआधी भावाची लेक, हट्टाने मागून आणलेली. मुलगा कोलंबोला कामाला गेल्यापासून दोघी एका ताटात जेवत.

"आत्या, टोपलीचा पट्टा केसांत अडकलाय. आत्या, ये ना गं."

जेमतेम वीस पावलं. पेच्चियम्माने गोणपाट दातांत धरलं. जाते, आता जाते, असं मनाशी म्हणत ती तशीच पडून राहिली. हाक आणखी तीनदा आली. मग नुसतं कण्हणं. मग तेही नाही.

बायकांनी कोकिळाला खाली रस्त्यावर आणलं तेव्हा सुजेने तिचे डोळे दिसत नव्हते. लॉरी पाला भरून उभी होती. बायका मुकादमाच्या पाया पडल्या. पोत्यांतला पाला तापून खराब झाला तर साहेब माझं कातडं सोलतील, असं तो म्हणत राहिला.

"पाल्यावरच निजवा तिला," शेवटी तो म्हणाला. "पण गाडी आधी कारखान्यावर जाईल, मग दवाखान्यात."

पेच्चियम्मा सुनेचं डोकं मांडीवर घेऊन पोत्यांवर बसली. कारखान्याच्या दारात निम्मी पोती उतरेपर्यंत कोकिळाचा श्वास थांबला होता. हमालांनी तिच्याखालचं पोतं तेवढं हलक्या हाताने ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने बदुल्ल्याहून कोकिळाचा बाप पोन्नय्या आला. त्याने ना मुकादमाला शिव्या दिल्या, ना साहेबाला. लेकीच्या उशाशी बराच वेळ बसला, मग बहिणीकडे वळला.

"अक्का, शेवटी काही बोलली का गं ती? कुणाला हाक मारली?"

"नाही रे. काही कळायच्या आतच गेली."

"तू जवळ होतीस, तेवढं तरी बरं झालं."

त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले. बोटं चहाच्या चिकाने काळी पडलेली. डंख मात्र कुठेच नव्हता. तो ते हात उलटसुलट करून बघत राहिला. मग त्याने ते हळूच तिच्या मांडीवर ठेवले आणि उठून बाहेर गेला.