उठून गेलेली माणसं

ठराव ग्रामसेवक संघर्षच्याच अक्षरात होता, म्हणून तो वाचला जाताना त्याला मान वर करवेना. "सभेत कोणीही हरकत घेतली नाही." शब्द न् शब्द खरा, आणि सगळाच्या सगळा खोटा.

हरसूलच्या वरच्या डोंगरातल्या एका पाड्याचा तो ग्रामसेवक. नाशिकच्या बौद्ध वस्तीत वाढलेला. बापानं पाढ्यांच्या आधी घटनेची उद्देशिका पाठ करून घेतलेली. असल्या पोरानं हा ठराव लिहिला होता.

दोन महिन्यांपूर्वी पाड्याची भातखाचरं साठवण तलावासाठी मागायला भूसंपादनाचे साहेब ग्रामसभेत आले. पाणी जाणार होतं खालच्या कारखान्यांना. संघर्षनं नेहमीसारखे दारातच हजेरीचे अंगठे घेतले. साहेब तासभर बोलले, मग म्हणाले, काय म्हणणं आहे? म्हातारी अंबूबाई उठली, लुगडं झटकलं, बाहेर गेली. मागोमाग सगळा पाडा. चहाला कुणी हात लावला नाही.

तिथं दारी आलेल्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. सोयरीक नको असली तरी चहा तसाच ठेवून उठतात. विषय संपला. तीन वर्षांत संघर्षला हे पक्कं ठाऊक झालं होतं. पण साहेब गाडीत ताटकळत होते, आणि हरकतीचा रकाना भरायचा होता. त्यानं "नाही" लिहिलं. घाई होती, असं तो स्वतःला सांगायचा. घाई कसली, भीती होती.

आज नाशिकला त्याच साहेबांपुढं सुनावणी. अंबूबाई आणि दहा जण पहिल्या एसटीनं आलेले. कारकुनानं दारातच सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले. संघर्षचीही सही घेतली. आत सगळ्यांपुढं चहा आला.

ठराव वाचून झाला तसा संघर्ष उभा राहिला. नोकरी जाते तर जाऊ दे. पाड्याची रीत त्यानं सांगितली, चूक माझी, हेही सांगितलं. "साहेब, जमीन द्यायची की नाही हा अधिकार सभेचा. सभेनं दिली नाही. जे दिलं नाही ते लोकांकडंच राहतं."

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "भाऊसाहेब, घटना मीही वाचलीय. जो विषय केंद्र-राज्याच्या कुठल्याच यादीत नाही तो दिल्लीकडं जातो. लोकांकडं शिल्लक ठेवलंय, असं कुठं लिहिलंय?"

संघर्षनं आदिवासी भागांसाठीची पाचवी अनुसूची काढली, तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा काढला, पाड्याच्या सभेचा मान कुठं कुठं लिहिलाय ते वाचून दाखवलं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि ठरावावर बोट ठेवलं.

"सभेचा अधिकार मान्य. सभेनं तो वापरला. अक्षर तुमचंच ना?"

लोकांच्या नावानं सुरू होणारं पुस्तक, आणि त्याच लोकांना बुडवायला संघर्षच्या हातची एक ओळ पुरली.

मग साहेबांनी अंबूबाईला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? तिनं साहेबांकडं बघितलंच नाही.

"भाऊसाहेब, तू तं तिथं व्हतास ना? आता बोलायचं काय राहलं?"

ती उठली. लुगडं झटकलं. दहाही जण तिच्यामागं निघाले. टेबलावर अकरा कप चहा तसाच. संघर्षनं आपला कप सरकवला आणि तोही चालता झाला.

जिन्यापर्यंत कारकुनाचा आवाज आला, साहेब, हे तर गेले, काय लिहू?

"सह्या झाल्यात ना दारात?" साहेब म्हणाले. "लिहा, हरकत नाही."