हरणाबाईलाच घेऊन या

मला राग लय येतो. आदीच सांगून ठेवते, मागनं म्हणू नका बाई तोंडाळ निगाली. पण गेल्या सहा महिन्यांत माझ्या जागी तुमी असता, तर तुमी बी हातात दगूड घेतला असता.

माझा बा, ज्योतिबा सरगर, दिवाळीच्या आदी गेला. जायच्या दोन वर्षं आदीच आटपाडीत जाऊन त्येनं रजिस्टर मृत्युपत्र केलं होतं. बारा एकर भावाला, धनाजीला. आन् रस्त्याकडची दीड एकर, तिच्यातली विहीर आन् दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, 'माझी मुलगी हरणाबाई हिला'. त्या घरात मी एकोणीस वर्षं ऱ्हाते. माझा नवरा गुंडा मोटे सांगलीत हळदीच्या पेठेत हमाल होता, छातीत कळ येऊन एका दिवसात गेला. पोरबाळ न्हवतं. बा आला, माझी पेटी डोक्यावर घेतली आन् म्हणला, चल. तवापासनं मी बाच्या संगं मेंढरं राखली, त्या विहिरीतला दगूड पाटीनं वर काढला, म्हातारपणी बाचं हागणं-मुतणं काढलं. धन्या तवा कुठं हुता, इचारू नका.

आता रस्त्याचा हायवे झाला आन् धन्याला भूक लागली. माझ्या घराच्या जागी त्येला धाबा काढायचाय. तलाठ्याकडं नोंद घालायला गेले, तर ह्यानं हरकत घेतलेली. काय लिवलंतं ठाव हाय का? 'हरणाबाई नावाची आमची कोणी बहीण नाही. राणी गुंडा मोटे ही बाई आमच्याकडे मेंढ्या राखायला ठेवलेली होती.'

ठेवलेली! ज्येच्या पाठीवर मी जन्मले, त्यो सख्खा भाऊ म्हणतो, ठेवलेली.

आन् वाईट काय, तर कागद त्येच्या बाजूनं. माझा जन्म मेंढरामागं, कऱ्हाडाच्या पुढं कुठल्या तरी रानात. त्येची नोंद कोण करतंय? शाळेचं तोंड बघितलं न्हाई. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'राणी' लिवलं, तवापासनं मी राणी. रेशनकार्डावर राणी, आधारवर राणी. सासरला 'हरणा' नाव गावंढळ वाटलं म्हणं. आन् बाला तर 'राणी' तोंडात कवा आलंच न्हाई. मृत्युपत्र लिवणाऱ्यानं इचारलं, मुलीचं नाव? बा म्हणला, हरणाबाई. लिवणारा म्हणला, सासरचं नाव सांगा. बा म्हणला, जमीन माझी हाय, सासरचं नाव कशाला? आसा त्यो हट्टी. मी त्येचीच.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार. एक वारला, दुसरा धन्याच्या धाब्यात भागीदार. गावात समदी मला हरणाच म्हणत्यात, पण सही करा म्हणलं की माना खाली. "तुमा भावा-भनीच्या मधी आमी कशाला?" मर्दांनो, मग मधी कोण पडायचं, म्हसोबा?

तर वकील पायजे. शेजारच्या सृष्टीनं मोबाइलवर 'माझ्याजवळचे मृत्युपत्राचे वकील' आसं बोलून बघितलं. समदे पुण्याचे निगाले. मी म्हणलं, माझ्याजवळ शेळ्या हायत बाई, आपुन चालतच शोधू.

पहिला तालुक्याला गाठला. कागद बघायच्या आदी इचारतोय, "कारभारी कुठायत?" मी म्हणलं, वरती. "मग घरातलं दुसरं कोण पुरुषमाणूस?" आन् माझ्या म्होरंच फोन लावला की त्येनं. "धनाजीराव, तुमच्या भगिनी आल्यात इथं, या जरा, मिटवून टाकू." मी त्येच्या टेबलावरनं माझे कागद उचलले आन् त्येचा चहा त्येच्याच फायलीवर सांडला. चुकून न्हाई, मुद्दाम.

दुसरा विट्यात. ह्यो गोड बोलणारा. म्हणला, "मावशी, हक्कसोड करून द्या. दिवाळीला साडीचोळी येईल, माहेर तुटायचं न्हाई." मी म्हणलं, म्हायेरातच ऱ्हातीया मी, आन् त्यो मला भाईर काढतोय, आता तुटायचं काय ऱ्हायलंय? तर म्हणतोय, "मग प्रोबेट लागंल बगा, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडनं खरं करून घ्यायचं, लय वर्षं जातील." तलाठ्याच्या नोंदीला ते लागत न्हाई, हे मला मागनं कळलं. म्हणजे नुसतं भ्या घालत हुता.

तिसरा सांगलीत. काचेचं दार, आत थंडगार. आत सोडायला दोन तास. कागद चाळले, माझं आधार बघितलं आन् चष्म्यावरनं म्हणला, "हे मृत्युपत्र हरणाबाईच्या नावाचं आहे. तुम्ही राणी. पुढच्या वेळेला हरणाबाईलाच घेऊन या."

मी म्हणलं, मीच हाय.

"तसं नसतं बाई. हरणाबाईलाच घेऊन या."

भाईर आले. रस्त्याकडच्या दगडावर बसले आन् मोठमोठ्यानं शिव्या दिल्या. लोक बघत हुती. बघू द्या.

मग सांगलीतल्याच विजयनगरच्या कोर्टापाशी गेले. तिथं एका झेरॉक्सच्या दुकानाच्या कडंला, टेबल टाकून बसलेली एक वकीलबाई. संयोगिता तिचं नाव. चाळिशीची, डबा खात हुती. डब्याचं झाकण लावलं, हात धुतला आन् पहिलं काय इचारलं आसंल? "घरात तुम्हाला काय हाक मारतात?"

सहा महिन्यांत ह्यो सवाल कुणी केला न्हवता. मला रडूच आलं, आन् रडू आलं म्हणून अजून राग आला.

समदं सांगितलं. ती लिवत हुती. मधीच माझ्या हाताकडं बघून थांबली. "हे 'धनाजी' कोण? नवऱ्याचं नाव तर गुंडा म्हणालात."

माझ्या डाव्या हातावर गोंदलंय ते. खरसुंडीच्या यात्रेतलं. धन्या आठ वर्षांचा, मी साडेसहाची. आई म्हणली, पोरांची नावं गोंदून घेऊ, हरवली तर सापडतील. मशीनवाल्यानं धन्याचा हात धरला, इचारलं, नाव काय रं? धन्या आसा घाबरला, माझ्याकडं बोट करून म्हणला, हरणा! म्हणजे आदी तिला गोंदा. मशीनवाल्याला काय, त्येनं ह्येच्याच हातावर 'हरणा' उठवलं. मग आईनं माझ्या हातावर 'धनाजी' गोंदायला लावलं. म्हणली, ऱ्हाऊ दे, भाऊ-भन एकमेकाला इसरायची न्हाईत.

वकीलबाईनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे त्यांच्या हातावर तुमचं नाव आहे? अजून?"

"हाय की. हिरवं झालंय, पण हाय."

"हरणाआक्का," ती म्हणली, "हे सुनावणीपर्यंत कुणाला बोलायचं नाही. शपथ घ्या. आणि हरकतीचा निकाल देणाऱ्या, तलाठ्याच्या वरच्या सर्कलसाहेबांसमोर तोंडातून एक शब्द काढायचा नाही. बोलायचं मी."

मी शपथ घेतली. तीनदा घेतली.

आन् काय केलं मी? त्याच आठवड्यात धन्यानं माझ्या दारात मुरमाचा डंपर वतला. माझं डोस्कं फिरलं. बांधावर हुबी ऱ्हाऊन वरडले, "भन न्हाई व्हय रं तुला? तुझ्या हातावर कुणाचं नाव हाय ते साहेबाला दाखवते, थांब!" तोंडातनं गेलं आन् मला कळलं, काय करून बसले.  धन्यानं बाही खाली वडली आन् त्यो गेला.

सुनावणी वैशाखात. सर्कलच्या कचेरीत पंखा नावाला फिरत हुता, माणसं घामानं निथळत हुती. आन् धन्या आला पूर्ण बाहीचा शर्ट घालून, मनगटापर्यंत बटणं लावून.

साहेबानं इचारलं, "धनाजीराव, या बाई तुमच्या कोण?"

"कोण न्हाईत साहेब. मेंढरामागं ठेवलेली बाई."

वकीलबाई उठली. "साहेब, यांना डावी बाही वर करायला सांगा."

धन्या हसला. हसला बगा! बटण काढलं, बाही वर केली. आत पांढरी पट्टी. "सायलेन्सरला भाजलंय, साहेब."

"सोडा पट्टी."

त्येनं सोडली. खाली लालभडक मांस. त्येच्यात एक अक्षर ऱ्हायलं न्हवतं. कशानं जाळलं देवाला ठाव.  वकीलबाईनं माझ्याकडं बघितलं. मला बोल लावला न्हाई तिनं, नुसती फाईल मिटली. माझ्या तोंडानं माझं घर गेलं हुतं.

मग मी दुसरी शपथ बी मोडली. आता काय ऱ्हायलंतं?

"सायलेन्सर पायाला भाजतो रं! हाताला कवापासनं भाजाय लागला? का हातावर हुबा ऱ्हाऊन गाडी चालवत हुतास?"

कचेरीतली माणसं हसली. वकीलबाई माझा पदर वडत हुती. साहेब म्हणला, बाई, शांत बसा. कसली शांत!

"ठेवलेली व्हय मी? आई मेली तवा कुणाच्या पदरात तोंड खुपसून रडलास? पिकल्या गळवाचा पू कुणी काढला तुझ्या? मुताय उठाय भ्यायचास तवा कंदील घिऊन कोण हुबं ऱ्हायचं, सांग की साहेबाला, शेंबड्या!"

परत हसली समदी. धन्याचा भागीदार बी हसला. धन्याचं तोंड लालबुंद झालं, टेबलावर हात आपटला आन् वरडला, "हरणे! गप बस! बानं डोक्यावर चढवून ठेवलीया म्हणून..."

आन् तिथंच थांबला. तोंड उघडंच.

 वकीलबाई हळूच म्हणली, "साहेब, एवढं लिहून घ्या. जसंच्या तसं."

साहेबानं लिवलं. हरणे, गप बस. बानं डोक्यावर चढवून ठेवलीया म्हणून. धन्यानं सही करायला नको म्हणलं, तर साहेबानं आठ जणांची साक्ष घातली, तीच आठ जणं जी मगा हसली हुती. आता कुणाची मान खाली गेली न्हाई.

मग कागद माझ्याम्होरं सरकवला. "सही करा. हरणाबाई म्हणून करा."

मी पेन धरलं. मला सही येते, पण 'राणी' एवढीच. तांदळात बघितली तशी गिरवते. 'हरणा' कसं लिवत्यात मला ठाव न्हाई. ते लिवलेलं, हेच माझं नाव म्हणून, मी उभ्या जन्मात एकाच जागी बघितलं हुतं, रोज बघत हुते, न्याहारी देताना, मेंढरं मोजताना. मी मान वर करून धन्याच्या हाताकडं बघितलं. त्येला बी कळलं मी काय बघतीया ते. त्येनं बाही खाली वडाय बघितली, पण कातड्याला कापड चिकटलं आन् त्यो कळवळला.

"अंगठा चालेल," साहेब म्हणला.

मी अंगठा दिला.